चित्राच्या पाठीमागे काय लिहायचं, हेही शिकवा

या वेळचं पत्र गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या एका तरुण शिक्षिकेचं आहे. नाव आणि संस्था छापू नका, अशी त्यांची विनंती. पत्र बरंच लांब आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढं देतो:

‘काका, मी एका खासगी कलासंस्थेत शेवटच्या वर्षाला पेंटिंग शिकवते. यंदा व्यवस्थापनाने सांगितलंय की मुलांना ३० तासांची “व्यावसायिक तयारी” द्या. आमचे ज्येष्ठ सर म्हणतात, कलाशाळेत बाजार आणू नका, मुलं बिघडतील. मुलं म्हणतात, इन्स्टाग्रामवर चित्रं कशी विकायची ते शिकवा. गेल्या बॅचच्या एका मुलाने किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टसाठी चित्रं केली. आता तीच चित्रं तिथल्या मेनूकार्डवर आणि कापडी पिशव्यांवर छापलीत. विचारायला गेला तर “पैसे दिले ना” म्हणाले. दुसरा एक गुणी मुलगा दिवाळीला नरकासुराचे पुतळे, शिगम्याला (गोव्याच्या होळीला) चित्ररथ करतो आणि स्वतःचं चित्र वर्षभर काढत नाही. हे ३० तास मी कशात घालवू? आणि मुळात हे शिकवणं आमचं काम आहे का?’

बाई, सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, तुमचंच काम आहे. वर्षानुवर्षं फी घेऊन मुलाला चित्रकार म्हणून बाहेर सोडायचं आणि पावती कशी लिहायची तेवढं मात्र सांगायचं नाही, हे मला पटत नाही. तुमच्या ज्येष्ठ सरांबद्दल आदर ठेवून म्हणतो, बाजारापासून चार हात लांब राहा हा उपदेश ज्याचा पगार एक तारखेला होतो त्याला करायला सोपा जातो. पण त्यांची भीती अगदीच पोकळ नाही. तिच्याकडे पुढे येतो.

माझं पणजीत फ्रेमिंगचं दुकान आहे. चित्र समोरून सगळेच बघतात, मी आधी ते उपडं करून बघतो. मुलगा कॅनव्हास घेऊन येतो, मागे काहीच लिहिलेलं नसतं. नाव नाही, साल नाही, माध्यम नाही. कधी तर दुसऱ्याच कुणाचं नाव असतं, कारण स्ट्रेचर, म्हणजे कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट, जुना वापरलेला. चारकोलवर फिक्सेटिव्ह, म्हणजे पूड धरून ठेवणारा फवारा, मारलेलं नसतं, काच बसवण्याआधीच टेबलावर काळी पूड सांडते. तैलरंग अजून ओला असताना त्याला बबल रॅप इतका घट्ट गुंडाळतात, की उलगडल्यावर आकाशभर गोल गोल ठसे. आणि आपला पाऊस! बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या कागदाला बघता बघता बुरशी धरते. गिऱ्हाईक ते चित्र परत आणतं तेव्हा दोष पावसाला देत नाही, चित्रकाराला देतं.

तेव्हा सुरुवात इथून करा. कागदावरच्या कामाला आम्लविरहित माउंट का लागतो, काच कागदाला का चिकटू द्यायची नाही, फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बटणं लावून ती भिंतीपासून सुटी का ठेवायची, तैलचित्र किती वाळल्यावर गुंडाळायचं. हे तंत्र आहे आणि व्यवसायही हाच आहे. मग चित्राच्या पाठीमागे नाव, शीर्षक, माध्यम, माप, साल आणि नोंदीचा क्रमांक. कागद असेल तर मऊ पेन्सिलीने लिहायचं, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. तोच क्रमांक एका वहीत, चित्र सध्या कुठे आहे, कुणी घेतलं, कितीला घेतलं या नोंदींसह. फोटो वेगळा जपायचा. मोबाइल हरवला की गेलं, असं नको. ही वही पहिल्या वर्षापासूनच लावायला हवी होती. तुमच्या हातात शेवटचं वर्ष आहे, तर जुनी कामं काढून तिथून सुरू करा. कंटाळवाणं आहे, मुलं कुरकुर करतील. त्यांना हे सांगा: सांतेस्तेवचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका १९६७ साली वारले. त्यांची कितीतरी चित्रं पत्नीने पुण्यात जपून ठेवली आणि ती पुढे पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास-संशोधन संस्थेकडे आली, म्हणून आज गोव्यात अभ्यासाला मिळतात. प्रत्येक चित्रकाराच्या घरात एवढी जपणूक असेल असं नाही.

आता रिसॉर्टच्या चित्रांबद्दल. इथे मला तुमच्या मुलाला थोडं नाराज करावं लागेल. आपल्याकडे बहुतेकांची समजूत अशी की चित्र मी काढलं म्हणजे छापण्याचा हक्क माझाच. उलट हॉटेलवाल्यांची समजूत अशी की चित्र विकत घेतलं म्हणजे सगळंच आपलं झालं. दोन्ही अर्धवट आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे हक्काचा पहिला मालक चित्रकारच. पण त्याच कलमात अपवाद आहे: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्र किंवा व्यक्तिचित्र काढलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक ऑर्डर देणारा ठरतो. तयार चित्र भिंतीवरून काढून विकलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा कॅनव्हास रिसॉर्टचा झाला, पण छापण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहिला, आणि तो हक्क लेखी आणि सहीनिशी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. म्हणून त्या मुलाला आधी हे विचारा की चित्रं ऑर्डरवर केली होती, की असलेल्यांतली निवडून घेतली? व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी काढून बघा. ‘बार काउंटरमागे लावायला निळ्यात चार करून दे’ असं तिथे असेल, तर भांडणात त्याची बाजू फारशी टिकणार नाही.

तरी एक हक्क ऑर्डरच्या कामातही चित्रकाराकडे राहतो. कलम ५७ प्रमाणे काम माझं आहे असं सांगण्याचा, आणि नाव खराब होईल अशी त्याची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प सरकारने काढून टाकलं, त्यात त्याची नासधूस झाली. काम सरकारनेच करवून घेतलेलं होतं. तरीही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सेहगलांच्या बाजूने निकाल दिला, उरलेलं शिल्प त्यांना परत करायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. हा निकाल वर्गात एक तासभर चर्चेला ठेवाच. आणि तुमच्या मुलाने रिसॉर्टला साधं, सभ्य पत्र लिहावं: पिशवीवर आणि मेनूवर माझं नाव छापा, आणि पुढच्या छपाईसाठी मोबदला ठरवू. त्यांना पुढच्या मोसमात आणखी चित्रं लागतीलच. वकिलाची नोटीस शेवटी.

पुढच्या मुलांसाठी मात्र दोन ओळींचा कागद पुरे. ‘चित्र भिंतीवर लावण्यासाठी देत आहे. कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. छपाईसाठी वेगळी लेखी परवानगी आणि वेगळा मोबदला लागेल.’ खाली दोघांच्या सह्या, तारीख. छपाईची परवानगी देताना कशावर, किती वर्षं आणि कुठे, हे तिन्ही लिहायला लावा. कारण मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर अख्खा भारत. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं मगवर, टाइलवर, पिशवीवर तुमची मुलं रोज बघतात. चित्राचा कागद ही एक मालमत्ता आणि ते छापण्याचा हक्क ही दुसरी, हे समजावायला गोव्यात याहून सोपं उदाहरण नाही. नोकरीत केलेल्या डिझाइनचा हक्क सहसा मालकाकडे जातो, हेही जाता जाता सांगा. इव्हेंट कंपन्यांत जाणाऱ्यांना ते लागेल.

किंमत काढायला कागद-पेन्सिल घेऊन बसवा. समजा कॅनव्हास आणि रंग २,५०० रुपये, फ्रेम ३,०००, आठ दिवसांचं काम आणि दिवसाचे ८०० धरले तर ६,४००. बेरीज ११,९००. मुलगा मोठ्या हिमतीने १५,००० सांगतो आणि गॅलरीचं कमिशन ४० टक्के असतं. हातात आले ९,०००. म्हणजे विकलं गेल्याच्या आनंदात २,९०० रुपयांची मजुरी बुडाली. नुसता खर्च भरून निघायला भिंतीवर २०,००० लिहायला हवे होते. आणि दिवसाला ८०० हे मी पोटापुरतेसुद्धा धरलेले नाहीत, पणजीत रंगाऱ्यालाही याहून जास्त द्यावे लागतात. हे गणित प्रत्येकाने आपापल्या एका खऱ्या चित्रावर करावं. गॅलरीचं कमिशन ३० ते ५० टक्क्यांच्या घरात असतं. त्यात लूट काही नाही. जागेचं भाडं, दिवे, छापील पत्रकं, गिऱ्हाइकाला फोन करणं यालाही पैसे पडतात. पण गॅलरीत लावलेलं चित्र तिथल्यापेक्षा कमी भावात घरून विकायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं पाहिजे. गोवा लहान आहे. संध्याकाळपर्यंत गॅलरीवाल्याला कळतं.

मग किंमत तोंडाने म्हणायला लावा. हसू नका. दुकानात मी हे कायम बघतो: गिऱ्हाईक विचारतं, ‘केवढ्याचं?’ आणि मुलगी जमिनीकडे बघत म्हणते, ‘बारा हजार... पण कमी करता येईल.’ समोरच्याने अजून तोंडही उघडलेलं नसतं! वर्गात दोघांना उभं करा, एक गिऱ्हाईक, एक चित्रकार. आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. पहिल्यांदा कुणालाच जमत नाही. ती शांतता सोसवत नाही म्हणून मुलं स्वतःच भाव पाडतात. दहा टक्के सूट द्यायची वेळ आली तर ती कुठल्या कारणासाठी, हेही ठरवून ठेवायला सांगा. दोन चित्रं एकदम घेतली, रोख लगेच दिले, असं काहीतरी.

लिलावाचे आकडे मुलांच्या डोक्यात असतातच. गोव्याशी मुळं जोडलेल्या वासुदेव गायतोंडे यांचं १९७० चं एक चित्र सप्टेंबर २०२५ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात ६७.०८ कोटींना गेलं. त्याच वर्षी मार्चमध्ये हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ न्यू यॉर्कला सुमारे ११८ कोटींना गेलं. ते १९५४ साली साधारण १,४०० रुपयांना घेतलेलं होतं. हे आकडे वर्गात येऊ द्या, पण पाठोपाठ विचारा की पैसे कुणाला मिळाले? गायतोंडे २००१ साली गेले, हुसेन २०११ साली. चित्रकाराच्या हातात येतो तो पहिल्या विक्रीचा पैसा. लिलाव हा चित्र ज्याच्याकडे आहे त्याचा व्यवहार. कॉपीराइट कायद्याच्या ५३-क कलमात पुनर्विक्रीतला वाटा चित्रकाराला किंवा वारसांना देण्याची तरतूद आहे, १०,००० रुपयांवरच्या विक्रीत, जास्तीत जास्त १० टक्के. प्रत्यक्षात कुणी दिल्याचं माझ्या कानावर नाही. तरी कलम आहे हे मुलांना माहीत असू द्या, उद्या संघटितपणे मागायचं तर माहिती हवी.

गॅलरीकडे चित्रं देताना यादीवर सही घ्यायची: कोणती चित्रं, कितीची, कमिशन किती, विकल्यावर किती दिवसांत पैसे, न विकलेली कधी परत, वाहतूक आणि मोडतोड कुणाच्या माथी. ओळखीतला माणूस असला की आपण संकोचाने हे टाळतो, आणि ओळख नेमकी तिथेच बिघडते. करासाठी एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटला एका दुपारी बोलवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून हाताने काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. नोंदणी कुणाला लागते आणि राज्याबाहेर विकताना काय बदलतं, हे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं बरं.

इन्स्टाग्रामला एक तास पुरे, मुलं तुमच्यापेक्षा हुशार आहेत त्यात. फक्त फिल्टर न लावता दिवसाच्या उजेडात फोटो आणि खाली माप लिहायची सवय लावा. सहा इंचांचं चित्र सहा फुटांचं समजून पैसे पाठवणारे भेटतात, मग भांडणं. उरलेला वेळ फसवणुकीवर घाला. परदेशातून मेल येतो, ‘बायकोला सरप्राइज द्यायचंय, तुमचं चित्र फार आवडलं.’ किमतीपेक्षा जास्त रकमेचा चेक, आणि जादाचे पैसे ‘आमच्या वाहतूकदाराला’ पाठवा म्हणून घाई. चेक नंतर परत येतो, पाठवलेले पैसे येत नाहीत. दुसरा प्रकार देशी आहे: ‘आंतरराष्ट्रीय’ प्रदर्शनात निवड झाली, अमुक हजार भरा, ट्रॉफी आणि प्रमाणपत्र मिळेल. दालन भाड्याने घेणं यात काही गैर नाही. मुंबईच्या जहांगीरमध्ये १९५२ पासून चित्रकार तसंच करत आलेत, आणि तिथला नंबर लागायला वर्षं जातात. पण ज्या प्रदर्शनाला बघणारे फक्त त्यातले सहभागीच असतात, त्याला पैसे कशाला?

तुमच्या नरकासुरवाल्या मुलाची मला खरं सांगायचं तर काळजी वाटत नाही. लोखंडी सळ्या-बांबूचा सांगाडा उभा करणारा, दहा-पंधरा पोरांकडून रात्री काम करून घेणारा, मंडळाकडून आगाऊ पैसे घेऊन ठरल्या तारखेला काम देणारा माणूस व्यवसाय शिकलेलाच आहे. त्याला फक्त वर्ष मांडायला शिकवा. दिवाळीला नरकासुर, नोव्हेंबरात इफ्फी या चित्रपट महोत्सवाची कामं, डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव, मग कार्निव्हल, शिगमो. जो गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या चित्रशाळेत बसत नाही त्याला एप्रिल ते जुलै बऱ्यापैकी रिकामे. मोसमात कमावलेल्यातून तेवढ्या महिन्यांचं भाडं आणि रंग बाजूला काढले, तर ते चार महिने त्याच्या स्वतःच्या चित्रांचे. त्याने हे मांडून पाहिलेलं नाही, कारण शाळेत त्याला कुणी सांगितलं नाही की बहुतेक चित्रकार निव्वळ चित्रविक्रीवर जगत नाहीत. लक्ष्मण पै पॅरिसमध्ये दहा वर्षं राहून आले, पुढे १९७७ ते १९८७ आपल्याच गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. नोकरी केली म्हणून चित्रकार लहान होत नाही, हे पालकांनाही एकदा बोलावून सांगा.

सेरेंडिपिटी २०१६ पासून डिसेंबरात पणजीत भरतो. मुलं तिथे सेल्फी काढतात. त्यांना मागच्या दारानेही जाऊ द्या. मोठं काम भिंतीवर कसं चढतं, पेटी उघडताच आधी त्याची स्थिती का नोंदवतात, दिवा कुठून मारतात, मजकुराची पाटी किती उंचीवर लावतात. हे काम पगारी मिळत असेल तरच पाठवा. ‘अनुभव मिळेल’ म्हणून फुकट राबवून घेणाऱ्यांकडे नको.

आता तुमच्या सरांची भीती. ती मला दिसते ती अशी: जुन्या खिडक्या, पणजीतल्या फोंताईनश या जुन्या वाड्याच्या पिवळ्या भिंती, होड्या आणि माडांची रांग. हे खपतं. मुलाला ते एकदा कळलं की तो तेच काढतो, आणि शिक्षकाने ‘हे विकलं जाईल’ म्हणून मान डोलावली की संपलंच. म्हणून हे ३० तास आणि चित्रांचे गुण यांच्यामध्ये भिंत घाला. पेंटिंगच्या मूल्यमापनात विक्रीचा शब्दसुद्धा निघू नये. या तासांत तुम्ही गुण द्या ते वहीला, कागदाला, हिशेबाला; चित्र खपलं की नाही याला नव्हे. माळ्यावर धूळ खाणारं विचित्र, काळंकुट्ट चित्र काढणाऱ्या मुलीची नोंदवही चोख असेल तर तिला पूर्ण गुण मिळायला हवेत.

आणखी एक नियम संस्थेकडून लेखी करून घ्या, जरा कटू आहे: शिक्षकाने विद्यार्थ्याची चित्रं विकून मध्ये पैसे खायचे नाहीत, आणि ज्याला आपण गुण देतो त्याचं चित्र शिकत असताना विकत घ्यायचं नाही. मुलाला नाही म्हणता येत नाही. वार्षिक प्रदर्शनात किंमत मुलांनी लिहावी, आणि संस्था टक्केवारी घेणार असेल तर ती फलकावर आधीच लिहिलेली असावी.

सगळे तास एकाच सत्रात कोंबू नका, व्यवस्थापन म्हणालं तरी. वार्षिक प्रदर्शनाभोवती पसरा. प्रदर्शनाआधी वही, फ्रेम, किंमत. प्रदर्शनात खऱ्या गिऱ्हाइकासमोर भाव सांगणं. नंतर पावत्या आणि न विकलेल्या कामांचं काय करायचं ते. आणि तुमच्या त्या नरकासुरवाल्या मुलाला एका तासाला बोलवा, त्याने मंडळाशी बोलणी कशी करायची ते शिकवावं. त्याचं मानधन आधी ठरवा. ‘आपलाच मुलगा, शाल-श्रीफळ देऊ’ असं व्यवस्थापन म्हणेल. शाल द्या, पण पैसेही द्या, आणि पावती त्याच्याकडून मुलांसमोर लिहून घ्या.